स्तोत्रसंहिता रोजच्या प्रार्थनेत कशी म्हणावी

प्रार्थनेला बसल्यावर पहिल्या दोन-तीन मिनिटांतच शब्द संपतात. मग कालच्याच मागण्या कालच्याच क्रमाने सुरू होतात: घरातल्यांची तब्येत, मुलांचा अभ्यास, नोकरी, प्रवासात सांभाळ, आमेन. यात वाईट काहीच नाही. पण महिनोन्‌महिने एवढेच चालले, तर प्रार्थना म्हणजे देवापुढे वाचून दाखवलेली यादी होऊन बसते. तिच्यात राग येत नाही, शंका येत नाही, आणि काहीही न मागता केलेली स्तुती तर अगदीच क्वचित येते.

यावर मंडळीचा फार जुना उपाय आहे: शब्द उसने घ्यायचे. पवित्र शास्त्राच्या मधोमध, स्तोत्रसंहितेत, दीडशे प्रार्थना तयार ठेवलेल्या आहेत. येशूही त्याच म्हणत वाढला. वधस्तंभावर त्याच्या तोंडी आलेली आरोळी, 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?', ही 22 व्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. आणि शुभवर्तमानकार लूकने नोंदवलेले त्याचे शेवटचे शब्द 31 व्या स्तोत्राच्या पाचव्या वचनातले आहेत. शेवटच्या भोजनानंतर शिष्यांनी स्तोत्र गायिले आणि मगच ते जैतुनांच्या डोंगराकडे निघाले. वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातून झालेल्या सुटकेच्या यहुदी सणाच्या, रात्री म्हणायची परंपरागत स्तोत्रे 113 ते 118 अशी आहेत. ज्याला स्वतःचे शब्द कमी पडण्याचे कारण नव्हते, त्यानेही हेच शब्द वापरले.

ही स्तोत्रे रोज प्रार्थना म्हणून कशी म्हणायची, ते पुढे दिले आहे. अभ्यास म्हणून कशी वाचायची हा वेगळा विषय आहे, आणि दोन्ही एकाच बैठकीत करायला गेले की प्रार्थनाच मागे पडते.

निवड करू नका, तारीख बघा

सुरुवातीला सगळेच एक चूक करतात: आवडीचे स्तोत्र शोधत बसतात. पाने उलटता उलटता हात पुन्हा 23, 91, 103, 121 यांवरच येऊन थांबतो. दीडशेपैकी सात-आठ स्तोत्रे पाठ होतात, आणि बाकीची वर्षानुवर्षे उघडलीही जात नाहीत. आपल्या मनाला आज जे हवे तेवढेच घेतले, तर उसने घेण्यात अर्थ उरत नाही. म्हणून स्तोत्र आपण निवडायचे नाही, क्रमाने येईल ते घ्यायचे.

खूण, वही, ॲप यांतले काहीही न लागणारी एक सोपी रीत अशी. जानेवारी आणि जुलैमध्ये जी तारीख, तेच स्तोत्र. फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये तारखेत 30 मिळवा, मार्च-सप्टेंबरमध्ये 60, एप्रिल-ऑक्टोबरमध्ये 90, मे-नोव्हेंबरमध्ये 120. म्हणजे 14 मार्चला 74 वे स्तोत्र, आणि 14 नोव्हेंबरला 134 वे. जून आणि डिसेंबर हे दोन महिने 119 व्या स्तोत्रासाठी राखून ठेवा. त्याची 176 वचने हिब्रू वर्णमालेच्या 22 अक्षरांप्रमाणे आठ-आठ वचनांच्या 22 भागांत लावलेली आहेत. रोज एक भाग घेतला की 22 दिवसांत ते पुरे होते. महिन्याचे उरलेले आठ-नऊ दिवस मोकळे. आवडीचे स्तोत्र निवडायचे ते या दिवसांत. 29 एप्रिल आणि 29 ऑक्टोबरला हिशेबाने 119 वे स्तोत्रच येते. त्या दिवशी त्याची पहिली आठ वचने पुरेत. इतर महिन्यांतल्या 31 तारखेला त्या महिन्यात चुकलेल्यांपैकी एक घ्या. फेब्रुवारीत शेवटची एक-दोन स्तोत्रे सुटतात, ती ऑगस्टमध्ये येतातच. वर्षातून दोनदा सगळी संहिता तोंडातून जाते.

या रीतीचा खरा फायदा दिवस चुकल्यावर कळतो. खुणेच्या कागदाने चालणारा माणूस चार दिवस चुकला की पाचव्या दिवशी पाच स्तोत्रे समोर घेऊन बसतो, धावतपळत ती उरकतो, आणि सहाव्या दिवशी सोडून देतो. तारखेने चालणाऱ्याला कसलीही बाकी भरायची नसते. आज 19 तारीख आहे ना? मग आजचे म्हणा. मागचे राहिले ते राहिले. सहा महिन्यांनी ते पुन्हा येईल.

याहून अधिक झेपत असेल तर तीस दिवसांचा क्रम आहे. इंग्लंडच्या मंडळीने 1549 सालच्या आपल्या प्रार्थना-पुस्तकात सगळी स्तोत्रे महिन्याच्या 30 सकाळी आणि 30 संध्याकाळी अशी 60 भागांत वाटली. पहिल्या सकाळी 1 ते 5, संध्याकाळी 6 ते 8, असे करत तिसाव्या संध्याकाळी 147 ते 150. संहितेत एकूण 2,461 वचने आहेत, म्हणजे एका बैठकीला सरासरी एक्केचाळीस पडतात. निदान एक वर्ष रोज एका स्तोत्राची सवय झाल्याशिवाय याला हात घालू नये. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठवासीयांना दर आठवड्याला दीडशेही स्तोत्रे म्हणायला सांगितली, आणि वर हेही लिहून ठेवले की पूर्वीचे लोक एवढे एका दिवसात म्हणत. ते मठातले जीवन होते. संसारी माणसाने त्याच्याशी बरोबरी करायला जाऊ नये.

क्रमांकाचा घोळ

एका घरात दोन वेगवेगळ्या परंपरांची पुस्तके असतील तर ही अडचण हमखास येते. प्राचीन ग्रीक भाषांतरात 9 आणि 10 ही स्तोत्रे एकच धरली आहेत, आणि लॅटिन परंपरेने तोच हिशेब पुढे चालवला. त्यामुळे त्या क्रमाने छापलेल्या जुन्या कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स पुस्तकांत 11 पासून 147 पर्यंतच्या बहुतेक स्तोत्रांचा क्रमांक एकाने कमी दिसतो: मेंढपाळाचे 23 वे तिथे 22 वे, पश्चात्तापाचे 51 वे तिथे 50 वे. शेवटची तीन, 148 ते 150, दोन्हीकडे सारखीच. वचनांचेही असेच आहे. काही आवृत्त्यांत स्तोत्रावरचे शीर्षक वचन म्हणून मोजतात, त्यामुळे 51 व्या स्तोत्राची कुठे 19 वचने असतात तर कुठे 21. एकत्र प्रार्थना करायची असेल तर क्रमांकाऐवजी पहिली ओळ सांगून सुरुवात करावी.

एक स्तोत्र, दहा मिनिटे

सोळा-सतरा वचनांचे साधारण स्तोत्र सावकाश म्हणायला तीन-चार मिनिटे लागतात. आधीची आणि नंतरची शांतता धरून दहा मिनिटे हाताशी ठेवा. 78 व्यासारखे 72 वचनांचे स्तोत्र आले की अर्धे सकाळी, अर्धे संध्याकाळी.

पुस्तक छापील असलेले बरे. फोनवर वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर 'हे परमेश्वरा' आणि वीजबिलाची सूचना एकाच पडद्यावर येतात. फोनच वापरावा लागत असेल तर आधी त्याचे इंटरनेट बंद करा.

बसा, पाठ सरळ ठेवा, आणि दोन-तीन श्वास काहीच बोलू नका. मग पवित्र आत्म्याला एका वाक्यात साहाय्य मागा. एकच वाक्य, इथे लांबण लावली तर स्तोत्र हे त्या प्रार्थनेचे शेपूट होते.

आता स्तोत्र मोठ्याने म्हणा. घरात कोणी झोपलेले असेल तर पुटपुटा, पण ओठ हलू द्या. नुसत्या डोळ्यांनी वाचले की नजर पुढे पळते आणि नकोशा वचनावरून अलगद सरकते. ओठांना तसे करता येत नाही. 'माझे पाप मला ठाऊक आहे' असे तोंडाने म्हणावे लागते, तेव्हा ते वाक्य आपले होते.

वेगाची एक जुनी, फार उपयोगी युक्ती आहे. जवळजवळ प्रत्येक वचन दोन अंगांचे असते: पहिल्या अंगात एक गोष्ट म्हटलेली असते, दुसऱ्यात तीच वळवून, वाढवून किंवा उलट बाजूने सांगितलेली असते. 103 वे घ्या: 'हे माझ्या जिवा, परमेश्वराचा धन्यवाद कर', इथे पहिले अंग संपले. इथे थांबा. एक पूर्ण श्वास आत, एक बाहेर. मग दुसरे अंग, आणि त्यानंतर न रेंगाळता पुढचे वचन. म्हणजे थांबायचे ते वचनाच्या शेवटी नाही, मध्यावर. सुरुवातीचा आठवडाभर हे अगदी कृत्रिम वाटते. पण शेवटी थांबणाऱ्याचे मन त्या फटीतून बाहेर पडते. मध्येच थांबणाऱ्याचे वाक्य अर्धे असते, आणि अर्धे वाक्य मनाला धरून ठेवते. मठांतून शेकडो वर्षे स्तोत्रे अशीच म्हटली गेली आहेत.

शीर्षके मनातल्या मनात वाचा. 73 स्तोत्रांवर दाविदाचे नाव आहे, 12 वर आसाफाचे, 90 व्यावर मोशेचे. 51 व्याचे शीर्षक तर चुकवूच नये, कारण दाविदाने बथशेबेशी केलेल्या व्यभिचारानंतर नाथान संदेष्टा त्याच्याकडे आला तो प्रसंग तिथे दिला आहे. 'सेला' हा शब्द मात्र उच्चारायचा नाही. संहितेत तो 71 वेळा येतो. बहुधा तो गायक-वादकांसाठीची सूचना असावा. तो दिसला की दोन श्वास गप्प राहा.

शेवटी पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या गौरवाचे वाक्य तुमच्या मंडळीत जसे म्हणतात तसे म्हणा. मग दोन मिनिटे शांत बसा आणि स्तोत्रातले जे वाक्य मनात अडकून राहिले असेल, तेवढेच घेऊन स्वतःच्या शब्दांत देवाशी बोला. घरच्यांची तब्येत, मुलांचा अभ्यास, सगळे इथे येऊ द्या. ती यादी रद्द झालेली नाही, फक्त आता ती स्तोत्राच्या मागून येते.

मन भरकटणारच. ते लक्षात आले की ज्या वचनावर लक्षात आले तिथूनच पुढे जा. पहिल्यापासून सुरू करण्याचा मोह टाळा. त्यातून देवभक्तीपेक्षा स्वतःवरची चीडच वाढते. झोप येत असेल तर उभे राहून म्हणा.

कोण कोणाशी बोलतो आहे?

हा एक प्रश्न मनात धरून म्हटले की स्तोत्र सपाट राहत नाही. 23 वे स्तोत्र सगळ्यांना पाठ असते, पण त्यातले वळण पुष्कळांच्या ध्यानात आलेले नसते. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे. मला काही उणे पडणार नाही.' इथपासून तिसऱ्या वचनापर्यंत देवाविषयी बोलणे चालले आहे: तो नेतो, तो जीव ताजातवाना करतो, तो नीतिमार्गाने चालवतो. चौथ्या वचनात मृत्युच्छायेची दरी येते, आणि त्याच वचनात 'तो' जाऊन 'तू' येतो: तू माझ्याबरोबर आहेस. हिरव्या कुरणात असताना देवाविषयी बोलणारा माणूस दरीत पाय पडताच देवाशी बोलू लागतो. हे म्हणताना तिथे आवाज आपोआप बदलतो, बदलू द्या.

या बाबतीत मराठी आपल्याला एक जास्तीची खूण देते. देवाशी बोलताना आपण 'आम्हांला क्षमा कर' म्हणतो. 'आपल्याला' म्हटले तर देवालाच क्षमा मागणाऱ्यांत ओढल्यासारखे होते. याउलट 95 व्या स्तोत्रातल्यासारखे 'या, आपण गाऊ' असे आले की तो देवाशी संवाद नाही, शेजारच्या माणसाला घातलेली हाक आहे. एकट्याने म्हणताना अशा ठिकाणी क्षणभर ज्यांच्यासोबत उपासनेला बसता त्यांचे चेहरे आठवावेत. आणि 103 व्यासारखे काही बोलणे तिसऱ्याच प्रकारचे असते: माणूस स्वतःच्या जिवालाच उठवतो आहे. मरगळलेल्या सकाळी देवाशी बोलण्याआधी स्वतःशी बोलावे लागते, हे स्तोत्रकर्त्याला ठाऊक होते.

विलाप म्हणायला शिकताना

क्रमाने चालले की पहिल्याच आठवड्यात धक्का बसतो. तिसरे, पाचवे, सहावे, सातवे अशी तक्रारीची आणि रडण्याची स्तोत्रे येतात. संहितेत सर्वांत मोठा गट विलापांचाच आहे. पुष्कळ भाविकांना देवापुढे असे बोलणे उद्धटपणाचे वाटते आणि ते ही पाने भराभर उलटतात. तसे करू नका. 13 वे स्तोत्र घेऊन ही भाषा शिका. सहाच वचने आहेत.

पहिल्या दोन वचनांत एकच प्रश्न चार वेळा येतो: कोठवर? आधी देवाला (तू मला कोठवर विसरणार, आपले मुख कोठवर लपवणार), मग स्वतःच्या मनातल्या काळजीविषयी, मग वैऱ्याविषयी. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. आपण सहसा उलट करतो: आधी लोकांची तक्रार, मग स्वतःची कीव, आणि देवाला सरळ विचारायचे राहूनच जाते. दुसऱ्या वचनानंतर थांबा आणि स्वतःचा एक 'कोठवर?' त्यात घाला. एकच. दहा घातले तर स्तोत्र बाजूला राहते आणि गाऱ्हाणे लांबत जाते.

तिसऱ्या-चौथ्या वचनांत मागणे आहे: पाहा, उत्तर दे, माझ्या डोळ्यांत प्रकाश आण. इथे स्वतःची एक मागणी नेमक्या शब्दांत ठेवा. 'सगळे ठीक कर' हे नेमके नव्हे; 'उद्याच्या बोलण्यात मला खोटे बोलू देऊ नकोस' हे नेमके.

पाचव्या वचनात सूर एकदम पालटतो: मी तर तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे. चौथ्या आणि पाचव्या वचनांच्या मध्ये परिस्थिती बदलल्याचा एक शब्दही नाही. वैरी तिथेच आहे, दुःख तिथेच आहे. म्हणून हे वचन म्हणताना मन सोबत नसले तरी म्हणा. हे ढोंग नाही. अजून जिथे पोहोचलो नाही ती जागा बोटाने दाखवून ठेवल्यासारखे ते आहे.

मात्र 88 व्या स्तोत्रात असे वळण येतच नाही. ते अंधारात सुरू होते आणि अंधारातच संपते; त्याचा शेवटचा शब्दही काळोखाचाच आहे. हे म्हणून झाल्यावर मनाने एखादे आशेचे वचन जोडण्याची घाई होते. त्या दिवशी ते जोडू नका. गौरवाचे वाक्य म्हणा आणि गप्प बसा. अशी प्रार्थनाही शास्त्रात जपून ठेवली आहे, हाच खचलेल्या माणसाला मोठा आधार असतो. तसेच 44 वे स्तोत्र देवाला 'जागा हो, का निजलास?' असे विचारते आणि 121 वे म्हणते की इस्राएलाचा रक्षक झोपत नाही. दोन्ही एकाच पुस्तकात आहेत, आणि दोन्ही म्हणायची आहेत.

आपण आनंदात असताना विलाप आला तर? तो दुसऱ्याच्या वतीने म्हणा. ज्याच्या घरी आज तो खरा आहे अशी एक व्यक्ती आठवा, आणि 'मी' म्हणताना तिच्या जागी उभे राहा. मध्यस्थी इतकी सोपी क्वचितच होते. उलट आपण दुःखात असताना 150 वे आले, तर ते जे गाऊ शकतात त्यांच्या मागून हळू आवाजात म्हणा. चौथ्या शतकात आलेक्झांड्रियाच्या अथनासियसने मार्सेलिनसला लिहिलेल्या पत्रात स्तोत्रांना आरसा म्हटले आहे: म्हणणाऱ्याला त्यांत स्वतःच्याच मनाच्या हालचाली दिसतात. आपल्याला ठाऊक नसलेल्या हालचालीही त्यांत दिसतात, हे क्रमाने म्हणू लागल्यावर कळते.

शापाची वचने

58, 69, 109, 137 ही स्तोत्रे आली की घसा अडतो. 137 व्याच्या शेवटी शत्रूच्या, म्हणजे बाबेलच्या, लेकरांना खडकावर आपटण्याची भाषा आहे. कॅथलिक मंडळीने 1971 च्या सुधारित दैनिक प्रार्थनेतून 58, 83 आणि 109 ही तीन पूर्ण स्तोत्रे आणि इतर काहींतली वचने वगळली. म्हणजे ही अडचण केवळ नवख्यांची नाही. त्या प्रार्थनेला धरून चालणाऱ्यांनी तसेच चालावे. बाकीच्यांसाठी तीन वाटा आहेत.

पहिली म्हणजे, हे शब्द देवाला उद्देशून आहेत याकडे लक्ष द्यावे. म्हणणारा सूड घ्यायला निघालेला नाही. सूड देवाकडे सोपवून तो हात रिकामे करतो आहे, आणि पौलही रोमकरांस लिहिलेल्या पत्रात हेच सांगतो. दुसरी वाट: जगात आज ज्यांची लेकरे खरोखर मारली गेली आहेत, त्यांचा हा आवाज आहे असे समजून म्हणावे. आपल्याला तो सोसवत नाही, याचे कारण बऱ्याचदा आपल्यावर ती वेळ आलेली नाही एवढेच असते. तिसरी वाट प्राचीन मंडळीतला शिक्षक ओरिगेन याच्यापासून चालत आली आहे आणि बेनेडिक्टच्या नियमांतही आहे: बाबेलची लेकरे म्हणजे मनात नुकतेच जन्मलेले वाईट विचार, आणि खडक म्हणजे ख्रिस्त. विचार लहान असतानाच त्याच्यावर आपटावे.

एक धोका मात्र खरा आहे. 'शत्रू' शब्द येताच मनात भाऊबंद, शेजारी किंवा कचेरीतला कोणीतरी उभा राहतो आणि 109 वे स्तोत्र त्याच्यावर नेम धरून म्हटले जाते. तसा चेहरा आलाच तर तो हाकलायचा प्रयत्न करू नका. स्तोत्र संपल्यावर त्याचे नाव घेऊन त्याच्यासाठी एक चांगली गोष्ट मागा. हे जमत नसेल, तर त्या माणसाशी मिटेपर्यंत ते स्तोत्र बाजूला ठेवलेले बरे.

आजाऱ्याजवळ, आणि 91 व्या स्तोत्राविषयी

आजारी माणसाच्या उशाशी मोठे स्तोत्र घेऊ नये. 23, 121, 130, किंवा तीनच वचनांचे 131 पुरते. खाट उंच असेल तर बसून, त्याच्या कानाच्या उंचीवर येऊन, नेहमीपेक्षा हळू म्हणा. त्याला येत असेल तर पहिले अंग तुम्ही म्हणा आणि दुसऱ्यासाठी थांबा. ज्यांना बाकी काही आठवत नाही अशांच्या ओठांवरही लहानपणी पाठ केलेले वचन कधी कधी येते. आले नाही तर तुम्हीच ते पुरे करा; आठवून पाहा असा आग्रह नको.

91 वे स्तोत्र आश्रयाचे आहे आणि ते जरूर म्हणावे, पण ते हमीपत्र म्हणून कोणाच्या हातात ठेवू नये. 'हे रोज म्हटले तर आजार शिवणार नाही' असे सांगितलेला माणूस आजारी पडतो, तेव्हा त्याच्या दुखण्यावर आणखी एक ओझे येते: आपला विश्वासच कमी पडला. मंदिराच्या शिरोभागी येशूपुढे सैतानाने जी वचने ठेवली ती याच स्तोत्रातली आहेत, अकरावे आणि बारावे, देवदूत तुला झेलतील ही. आणि येशूने त्या वचनांचा असा उपयोग नाकारला. स्तोत्राच्या पंधराव्या वचनात संकटसमयी मी त्याच्याजवळ राहीन असे देव म्हणतो, म्हणजे संकट येणार हे त्यात धरलेलेच आहे. आजाऱ्याजवळ म्हणताना याच वचनावर थांबावे.

कुटुंब प्रार्थनेत

घरातल्यांनी दोन बाजू कराव्यात. एक वचन या बाजूने, पुढचे त्या बाजूने. किंवा पहिले अंग एकाने, दुसरे सर्वांनी. सगळ्यांनी एकाच आवृत्तीतून म्हणावे, नाहीतर प्रत्येक वचनाच्या शेवटी शब्द एकमेकांवर आदळतात. जो सर्वांत हळू वाचतो त्याच्या वेगाने चालावे, मग ती आजी असो की दुसरीतला मुलगा.

मुलांसाठी 117 ने सुरुवात करा. दोनच वचने, संहितेतले सर्वांत लहान. मग 134, 133, 100, 23, 121. पाठ करताना रोज एक नवे वचन, पण दरवेळी पहिल्या वचनापासून. 23 व्याची सहा वचने आठवड्याच्या आत पाठ होतात, आणि सातव्या दिवशी न बघता म्हणता येतात.

घरातल्या प्रार्थनेत सर्वांत जास्त नुकसान करणारी सवय म्हणजे कोणाला तरी ऐकवण्यासाठी वचन निवडणे. सुनेशी बोलाचाली झाली त्या रात्री जिभेच्या पापाचे स्तोत्र, मुलगा उशिरा आला त्या रात्री आज्ञापालनाचे. ऐकणाऱ्याला ते बरोबर कळते, आणि पुढे वर्षभर त्याला प्रार्थनेची हाक म्हणजे बोलणी खाण्याची हाक वाटते. तारखेने येईल ते स्तोत्र घेण्याच्या नियमाने ही वाटच बंद होते.

दिवसभराच्या धावपळीत

सकाळच्या स्तोत्रातले एक अर्धे वचन खिशात टाकून कामाला लागावे. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला योहान कॅसियनने मिसरच्या वाळवंटातल्या संन्याशांची शिकवण लिहून ठेवली. तिच्यात सतत म्हणण्यासाठी 70 व्या स्तोत्राचे पहिले वचन दिले आहे. त्याचा आशय असा की देवा, मला सोडव, माझ्या साहाय्यासाठी त्वरा कर. ते संकटावर चालते तसे कंटाळ्यावरही चालते, मोहावर चालते तसे यशाने डोके फिरू लागल्यावरही चालते. जिना चढताना, रांगेत, गाडी सुरू करण्याआधी, एका श्वासात एकदा.

कोणाशी कठीण बोलणे करायला फोन उचलण्याआधी 141 व्याचे तिसरे वचन आहे, तोंडावर पहारा ठेवण्याचे. चूक झाल्याचे कळले त्या क्षणी 51 व्याचे दहावे: 'हे देवा, माझ्या ठायी शुद्ध हृदय उत्पन्न कर.' हे पूर्ण स्तोत्र कॅथलिक दैनिक प्रार्थनेत दर शुक्रवारी सकाळी येते. ज्यांच्याकडे पापकबुलीची ठरलेली वेळ नसते त्यांनी शुक्रवारची ही सवय उचलावी, तारखेच्या स्तोत्राशिवाय जास्तीचे म्हणून. कबुलीचा क्रमही त्यात आहे: आधी देवाची दया, मग पाप आडवळण न घेता नाव घेऊन, मग शुद्धतेची मागणी, आणि दुसऱ्यांना शिकवण्याची गोष्ट शेवटी.

झोपताना चौथे स्तोत्र चांगले. तेवढेही त्राण नसेल तेव्हा 31 व्याचे पाचवे वचन, आपला आत्मा देवाच्या हाती सोपवण्याचे. शतकानुशतके रात्रीच्या शेवटच्या प्रार्थनेत मंडळी हेच म्हणत आली आहे. येशूने वधस्तंभावर ते उच्चारले तेव्हा स्तोत्रात नसलेला एक शब्द सुरुवातीला जोडला: 'हे बापा'. दिवा मालवल्यावर तो शब्द जोडूनच म्हणावे.